कोरडे ओठ

"सिस्टर, तुमचं आडनाव काय म्हटलं?"

म्हातारा खाटेवर होता. तोंडात श्वासाची नळी. आता फार वेळ नाही, भेटून घ्या, असं डॉक्टर नुकतंच सांगून गेले होते. मी कापसाचा बोळा गंगाजलात भिजवला होता आणि त्याच्या ओठांकडे हात नेत होते. तेवढ्यात त्याच्या बहिणीने हे विचारलं.

मी आडनाव सांगितलं.

तिने माझा हात धरला नाही. धरायचा तर शिवावं लागलं असतं. बांगड्या भरलेला हात नुसता मध्ये आडवा घातला. "थांबा जरा, बाई."

एका आडनावात सिस्टरची बाई झाले.

आंजी गावाकडची व्यापारी मंडळी. दुपारी गाडीतून आणलं तेव्हा म्हाताऱ्याचं हृदय बंद पडलं होतं. मी स्टुलावर चढून छाती दाबली. माझा घाम त्यांच्या बाबूजींच्या सदऱ्यावर गळत होता. तेव्हा हीच बहीण, घरच्यांची आत्याबाई, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, "बेटी, वाचव वं माह्या भावाले. तू तं देवीच हायेस." हृदय पुन्हा चालू झालं, पण टिकणारं नव्हतं. मला मात्र देवी म्हटल्याबरोबर शंका आली होती. देवी म्हणणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. जोवर आशा असते तोवर मी देवी. आशा सुटली की चौकशी सुरू.

आमच्या तातडीच्या विभागात एक रीत आहे. नळी असलेल्याच्या तोंडात पाणी ओतता येत नाही. पण घरच्यांना गंगाजल पडायला हवं असतं. म्हणून आम्ही नर्स बोळ्याने ओठ ओले करतो. हे कुणी शिकवलं नाही, आम्हीच सुरू केलं. घरचे हात जोडतात, रडून घेतात. जाणाऱ्याचं होतं आणि राहणाऱ्यांचंही होतं.

आत्याबाई डॉक्टरांच्या कानाशी लागली. डॉक्टर माझ्याकडे आले. "मॅडम, त्यांच्या भावना समजून घ्या. वंदना सिस्टरना करू द्या. थोडी करुणा दाखवा."

करुणा. मीच दाखवायची.

वंदनाला आत्याबाईनेच निवडलं होतं. गोरी, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. "ते पोरगी आपल्यातली दिसते," असं ती पुतण्याला म्हणाली ते मी ऐकलं. वंदना आमच्याच वस्तीत वाढलेली. आमची अंगणं लागून. तिने माझ्या कानात हळूच म्हटलं, "जाऊ दे ना ताई, मी लावून देतो. त्याइले का मालूम? उलट मजाच हाय."

क्षणभर हसू आलं. मग अंग तापलं. आपलाच हात, आणि तो चोरासारखा लपवून लावायचा?

"चोरून नाई लावाचं," मी म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हे पोरगी माह्याच समाजाची हाये. बोळा एक तर मी लावतो, नाई तं तुम्ही लावा. मी नळी धरतो."

आत्याबाईने पदर आवरून घेतला. डॉक्टर खाली पाहू लागले.

म्हाताऱ्याचा मुलगा पुढे आला. त्याने बोळ्यासाठी हात पुढे केला.

"तिच्या हातचा नको घेऊ!" आत्याबाई ओरडली.

हात तिथेच थांबला. तो आत्याकडे पाहत राहिला. नव्या कापसाचं बंडल त्याच्या कोपराशीच पडलं होतं. त्याने ते उचललं असतं तरी मी नळी धरली असती. "भाऊ, घ्या. वेळ नाई," मी म्हणाले. पन्नाशीचा माणूस. आत्याच्या तोंडाकडेच पाहत होता.

मॉनिटरच्या पडद्यावरची रेघ सरळ झाली.

"कोरडा गेला वं माहा भाऊ! हिच्यापायी गेला!" आत्याबाईने टाहो फोडला.

संध्याकाळी मेट्रनने बोलावलं. तक्रार आली होती, नर्सला दयामाया नाही. "दोन शब्द बोलून टाका. मेलेल्याच्या घरच्यांशी कसला वाद? तुमचं काय जातं?"

मी माफी मागितली नाही. मागणारही नाही. म्हातारा कोरडा गेला हे खरं. त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्या भांडणात तो नव्हताच. पण त्याचे ओठ आणि तो बोळा यांच्या मध्ये मी उभी नव्हते.

वंदनाला मी सांगितलं, पुन्हा लपवायचं नाही. ती हो म्हणाली. तिचा हो किती टिकतो, तेही मी बघणार आहे. डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, माझ्या खाटेवर येईल त्याची छाती मी दाबीन, नळी धरीन, औषध चुकू देणार नाही. कुणाचाही उपचार थांबणार नाही. पण जात बघून नर्स बदलून देणं हा उपचार नाही.

माझा हात नको असेल तर स्वतःचा पुढे करा. तिसरा हात आम्ही शोधून देणार नाही.