पालथा कप

दोन्ही हात छातीशी जोडायचे, मान किंचित वाकडी करायची आणि म्हणायचं, "आत्ताच पिऊन आलो की, अक्का." आमच्या आमदारसाहेबांची ही लकब. असे पुढारी तुम्हीही पाहिले असतील. आमच्या गल्लीला मात्र त्या हात जोडण्याचा अर्थ पुरता ठाऊक होता.

आमच्या मन्नाएखेळ्ळी गावात हमरस्त्यावर साहेबांच्या घरचं हॉटेल होतं. आम्ही बुद्धवाड्यातले, म्हणून आमचे कप बाहेर, पत्र्याखालच्या फळीवर. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि पालथा घालायचा. त्याच हॉटेलचे मालक बेंगळुरूला जाऊन समतेवर भाषणं ठोकायचे.

निवडणूक आली की साहेबांची जीप आमच्या दारात. त्यांनी एकदा तरी आपल्या घरचा चहा घ्यावा, ही आईची इच्छा. दूध मागून आणायची, ठेवणीतला कप काढायची. माझं डोकं फिरायचं. ती म्हणायची, "कामून चिडायलास? पितील की एक दिस."

एका खेपेला साहेबांनी कप हातात घेतला, फोटो होऊ दिला आणि ड्रायव्हरकडे दिला. त्यानं आईच्या देखत चहा गटारात ओतला.

मतदानाच्या दिवशी माणसं न्यायला जीप आली, तेव्हा आई दारात उभी राहिली. हात जोडले, मान वाकडी केली. "आत्ताच मत टाकून आलाव की, अण्णा." मग दारोदार तेच उत्तर मिळालं. साहेब सपाटून पडले. आम्ही त्यांच्याच हॉटेलसमोर पेढे वाटले. इतका गोड पेढा मी परत खाल्ला नाही.

पुढच्या निवडणुकीआधी ते पायीच आले. जीप नव्हती, माणसं नव्हती. गल्लीची मतं पाहिजे होती. "अक्का, चहा टाक की," म्हणाले. आईनं केला. त्यांनी घोट घोट करत संपवला आणि कप खाली ठेवला.

"इसळून पालथा घाला, अण्णा," आई म्हणाली. "बाहीर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. पांढरंशुभ्र धोतर सावरत ते ओट्याजवळ बसले. कप विसळायला घेतला. आईनं तांब्यानं पाणी घातलं. उंचावरून, कुठं शिवाशिव होणार नाही असं. माझा ऊर भरून आला, आणि त्या म्हाताऱ्या हातांचं वाईटही वाटलं.

साहेब त्यानंतर निवडणुकीला उभे राहिलेच नाहीत. तो कप ओट्यावर पालथाच राहिला. आई कुणाला हात लावू देईना.

ते वारले त्या दिवशी सगळं गाव मातीला गेलं. आई गेली नाही. तिनं तो कप उचलला, सुलटा केला आणि दारात बसून त्यातून चहा प्याली.