चांदीची कडा

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, हिंगोलीच्या एका बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. औंढ्याच्या एका लग्नाला जाताना बैलगाडी उलटली आणि त्यांचे वरचे दोन दात गेले. जखम भरली, पण ट्रंपेट तोंडाला लावलं की माउथपीसची कडा हिरडीत रुतायची. रक्त यायचं. ते पुसून पुन्हा फुंकायचे.

"काहून जीव काढून राहिले?" मी म्हणायची.

"दुसरं काय येतं मला?"

बँडच्या मालकानं पेटीतले जुने माउथपीस दिले. अंगणात बसून ते एकेक लावून बघत. रुंद होतं ते ओठाला बरं वाटायचं, पण वरचे सूर चढत नसत. दुसऱ्यानं सूर चढायचे, पण आवाज चिरका. तिसरं नळीत सैल बसायचं, त्याला दोरा गुंडाळला तरी हलायचं.

"कसं वाटलं?" ते दर वेळी मला विचारत. "ओठाचं मला कळतंय, बाहेरचं तू सांग."

"पहिल्यासारखं न्हाई," मी सांगायची. खोटं सांगून भागणार नव्हतं.

शेवटी ते स्वतःचंच जुनं माउथपीस घेऊन सोनाराकडे गेले. आतली वाटी तशीच ठेवून कडेवर चांदीचं गोल, जाडसर कडं बसवून घेतलं. घरी येऊन त्यांनी हळूच एक सूर लावला, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. रक्त आलं नाही. मी चुलीपुढून उठून दारात आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि वाजवत राहिले.

दोन लग्नसराया छान गेल्या. मग शेजारचे दातही हलायला लागले आणि एकामागून एक पडले. आता ओठाला आधारच उरला नाही. ट्रंपेट दुसऱ्या माणसाकडे गेलं. चांदीच्या कडेचं माउथपीस त्याला जमेना, ते त्यानं काढून परत दिलं. यांच्या हातात झांज आली.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात वरात वेशीतून आली तेव्हा मी बायकांत उभी होते. हे सगळ्यांच्या मागं झांज वाजवत चालले होते. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं त्यांनाच विचारलं, "तुमच्यात एक ट्रंपेटवाले होते. लई गोड वाजवायचे. ते न्हाई आले का?"

"न्हाई आले," हे म्हणाले, आणि ठेका न चुकवता पुढं गेले.