खांद्यावरची थाप

भोकरमध्ये बारसं असो, सप्ताह असो की पुढाऱ्याची सभा, भोंगा भुजंगचाच. त्याच्या प्रत्येक खोक्यावर आणि मंडपाच्या प्रत्येक खांबावर पांढऱ्या रंगात त्याचा मोबाईल नंबर लिहिलेला. पण हा धंदा नंतरचा. ऐन तारुण्यात भुजंग जत्रेतल्या नाटकांना बाजाच्या पेटीवर साथ करायचा. नांदेडपासून लातूरपर्यंत जिथे म्हणून चार फळ्या आणि एक पडदा उभा राहील, तिथे तो विंगेत बसलेला असायचा, एक डोळा पेटीवर, एक नटावर. भीतीचा प्रवेश आला की तो खालच्या सप्तकातला एकच सूर धरायचा आणि सोडायचाच नाही. पुढे बसलेल्या बायका पदर तोंडाशी न्यायच्या, लेकरं आईच्या मांडीत शिरायची. "भुजंगा, माझं अर्धं काम तुझा तो सूरच करतो," असं खलपुरुष करणारा नट म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पुढे ती माणसं एकेक करून गेली. जत्रेत नाटकांच्या जागी ऑर्केस्ट्रा आले. भुजंगपाशी उरल्या त्यांच्या नाटकांच्या काही कॅसेटी. नात सृष्टी नांदेडला कॉलेजात शिकते. तिनं त्या कॅसेटींमधली सगळी पदं मोबाईलमध्ये भरून आणली आणि कानात घालायची वायरही दिली. तेव्हापासून म्हातारा मोटारसायकलवर बसला की कानात वायर, ती हवेनं निसटू नये म्हणून वरून दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, गच्च गुंडाळलेली. गाडी रस्त्याला लागली की मेलेले सोबती त्याच्या कानात पुन्हा उभे राहून गायचे. हे सुख त्याला दुसऱ्या कशातच मिळत नव्हतं.

त्याच्या बायकोला, तारामतीला, त्या वायरीची धास्ती होती.

"मागून ट्रक आला तर ऐकू येईल का तुमाला?"

"एक कान मोकळा ठेवतो की."

"दस्ती दोन्ही कानावर हाय. आन् मी मागून बोंबलले तर?"

"बोंबलायचं कायला? थाप मार खांद्यावर. बसलीस की मार, निघतो. वाटेत काय झालं की मार, थांबतो."

तेव्हापासून हाच कायदा झाला.

नवरात्राची गर्दी ओसरली की दोघं माहूरला जायची. यंदाही गेली. गडाच्या पायऱ्या चढताना तारामती मध्येच थांबली. "देवीसमोर कायतरी सोडायचं म्हणतेत. ती वायर सोडा."

"मी कारलं सोडलं," भुजंग म्हणाला.

ती हसली नाही. दर्शन झालं, कुटलेल्या तांबुलाचा प्रसाद मिळाला. तारामतीच्या सासूनं घालून दिलेली रीत अशी की देवीचा तांबूल तोंडात असेस्तोवर बाईनं बोलायचं नाही आणि तो थुंकायचा तर मुळीच नाही, तोंडातच विरू द्यायचा. तारामती ती रीत इतकी कडक पाळायची की माहूरहून परतताना निम्मी वाट मुकीच असायची. भुजंगला ते बरंच होतं. त्याच्या पदांत कुणाचा व्यत्यय नको.

किनवट मागं टाकल्यावर जंगलाच्या कडेला गंगम्माची चहाची टपरी आहे. तिथे ती दोघं थांबली. हिमायतनगरचा लाईटवाला बालाजी भेटला, धंद्याच्या गप्पा झाल्या. चहा संपल्यावर तारामतीनं तांबुलाचा नवा घास तोंडात टाकला आणि ती टपरीमागं आडोशाला गेली. भुजंग गाडीवर बसला, वायर घातली, दस्ती आवळली, पद चालू केलं. तेवढ्यात बालाजीनं निघता निघता, "येतो मामा," म्हणत त्याच्या खांद्यावर थाप मारली.

भुजंगला शब्द ऐकूच आले नाहीत. थाप तेवढी कळली. त्यानं गाडी काढली.

तारामती मुळात काडीसारखी. ती बसल्यानं गाडी दबली असं कधी झालंच नव्हतं. मागच्या सीटवर नारळांची पिशवी बांधलेली. तारामती नेहमी पिशवीला टेकून बसायची, नवऱ्याला धरून बसायची तिची सवय नव्हती. भुजंग पदात रंगून गेला. इस्लापूर जवळ आलं, दोन्ही अंगाला कापूस फुटलेला दिसला. बायकोला दाखवावा म्हणून तिच्या गुडघ्यावर ठेवायला त्यानं डावा हात मागं नेला.

हाताला पिशवीचा बंद लागला.

त्यानं मागं पाहिलं. सीट रिकामी होती.

गाडी कशी थांबली ते त्याला कळलं नाही. कानात अजून खलपुरुष हसत होता. त्यानं दस्ती ओरबाडली, वायर ओढून काढली आणि मग जी शांतता पडली, तशी त्यानं उभ्या जन्मात ऐकली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भीतीला सूर देणाऱ्या माणसाच्या वाट्याला आता एकही सूर नव्हता.

कुठं पडली? मघाच्या गतिरोधकावर? पुलाजवळच्या खड्ड्यात गाडी उडाली होती, तिथं? एक ट्रक अगदी अंगावरून गेल्यासारखा गेला होता, तेव्हा? तिनं थाप मारली असेल का? हाक मारली असेल? तोंडातला तांबूल टाकून देऊन हाक मारली असेल, आणि आपण मान डोलवत पुढं जात राहिलो असू.

त्यानं गाडी वळवली. आता डोळे रस्त्यावर नव्हते, रस्त्याकडेच्या नालीत होते. तारामतीचं लुगडं हिरवं, आणि जंगलात तर सगळंच हिरवं. एका जागी हिरवं काहीतरी पडलेलं दिसलं. तो उतरला, खाली गेला. खताचं फाटकं पोतं होतं. पुढं पुलाजवळ माणसं गोळा झालेली. लांबून त्याला फक्त पाठी दिसत होत्या, सगळ्या खाली वाकलेल्या. तिथवर गाडी नेण्याचं बळ त्याला होईना. तो ती ढकलत गेला.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"टायर फुटलं, काका. कापसाचा टेम्पो हाय."

पुन्हा गाडी, पुन्हा नाली. समोरून एक काळीपिवळी जीप आली, आतून गाण्यांचा धुमाकूळ. भुजंगनं गाडी कडेला घेतली, पण जीपकडे पाहिलंही नाही. त्याला जे शोधायचं होतं ते खाली पडलेलं असणार होतं.

थोड्या वेळानं खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर. तारामतीकडे फोन नव्हता, म्हणजे हा कुणा दुसऱ्याचा. दवाखान्यातून? पोलिसांचा? भुजंग फोनकडे बघत राहिला. जोवर उचलत नाही तोवर ती जिवंत आहे, असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. या वेळी त्यानं उचलला. गलबला, कुणीतरी पुरुष मोठ्यानं "बाई... बाई..." म्हणतोय, आणि फोन तुटला. जंगलात रेंज कुठली?

त्या दोन शब्दांवर त्यानं टपरीपर्यंतची वाट काढली. ती वाट पुढं त्याच्या स्वप्नात बरेच दिवस येत होती.

टपरीपुढं तारामती नव्हती.

"अय्यो, काका, तुमी?" गंगम्मा कपबशा टाकून बाहेर आली. "काकू तर तुमच्या मागं जीपमधून गेली."

"पडली न्हाई ती?"

"पडती कशी? बसली तर पायजे ना गाडीवर. टाळ्या वाजवत पळाली तुमच्या मागं, ठेच लागून अंगठा फुटला. मी म्हणलं नंबर सांग, फोन लावते. तर तोंड मिटून नुसते हातवारे. मला वाटलं काकू मुकी हाय."

भुजंग बाकावर बसला. गंगम्मानं पाणी दिलं ते निम्मं सदऱ्यावर सांडलं. तेवढ्यात पुन्हा तोच नंबर वाजला.

"हॅलो?"

गाणी आता बंद होती. पलीकडे कुणाचातरी श्वास.

"तारा?"

"हं."

"तूच हायस का?"

"हं."

मग जीपवाल्याचा आवाज आला. "मामा, मावशी हिमायतनगर स्टँडवर उतरून राहिली. काय धरलंय तोंडात कुणास ठाऊक, बोलंना. काचेवरच्या धुळीत बोटानं नंबर काढला हो तिनं. सावकाश या."

स्टँडवरच्या बाकावर तारामती बसली होती. अंगठ्याला पदराची चिंधी बांधलेली. तांबूल संपला होता.

"नालीत काय शोधत होता?" तिनं विचारलं.

"कधी बघितलं तू?"

"जीपमधून. समोर बघायचं सोडून नालीत बघत गाडी चालवणारा माणूस. काच बडवली मी, पण त्या पोराची गाणी कसली! म्हणलं, आता हा माझ्या डोळ्यादेखत मरतो."

"तुला शोधत होतो."

तो तिच्याजवळ टेकला.

"टाकून द्यायचा होतास तांबूल. हाक मारायची होतीस."

"कुणाला? दस्तीला?" ती म्हणाली. "तुमच्या कानाचा भरवसा न्हाई. देवीच्या कानाचा हाय. म्हणून न्हाई थुंकला."

भुजंगनं खिशातून वायर काढून तिच्यापुढं धरली. फेकून देईल असं त्याला वाटलं. तिनं नीट गुंडाळली आणि नारळांच्या पिशवीत ठेवली. "घरी बसून ऐका. ती माणसं काय पळून जात न्हाईत."

गाडीवर बसल्यावर तिनं खांद्यावर थाप मारली. भुजंग हलला नाही. मान वळवून त्यानं ती बसलेली पाहिली, मगच निघाला. पण गतिरोधक आला की, "हायस का?" ट्रक गेला की, "हायस का?" ती हाय म्हणायची. एकदा तिला जांभई आली, उत्तराला उशीर झाला, तर त्यानं गाडी थांबवून पाय टेकले. हात मागं नेऊन त्यानं ती बसली आहे का ते चाचपलं.

तारामतीनं ते पाहिलं. मग तिनं हात पुढं घातला आणि त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरली, खोड्या केलेल्या पोराची धरावी तशी.

"आता विचारू नका. धरलंय तोवर मी हाय."

भोकर आलं. बाजारातली माणसं बघायला लागली, पानटपरीवरचे दोघंतिघं हसलेही. "आता सोड की," भुजंग पुटपुटला.

तिनं कान सोडला नाही. आणि खरं सांगायचं तर, तिनं सोडला असता तर तो पुन्हा थांबला असता.