डफ घेऊन आलेल्या बाई

मुलांनो, इथे कॅनडात, विनिपेगच्या एका कॉलेजात पदवीदान समारंभ होता. आमच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या नागपूरच्या मुलीच्या आईवडिलांना व्हिसा मिळाला नाही, म्हणून त्यांच्या जागी मी गेले. शेजारी इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक बाई बसल्या होत्या. वय माझ्याएवढंच, पांढरी वेणी, मांडीवर चामड्याचा डफ. त्यावरून त्या सारखा तळहात फिरवत होत्या.

सगळी नावं होईपर्यंत टाळ्या वाजवू नयेत, अशी सूचना झाली होती. पण नातीचं नाव पुकारताच बाई उभ्या राहिल्या आणि डफ वाजवून मोठ्याने गाऊ लागल्या. मला राहवलं नाही. त्यांची बाही ओढून मी म्हटलं, "अहो, शांत राहायला सांगितलंय!"

गाणं पूर्ण करूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लहानपणी सरकारी माणसांनी मला घरून उचलून निवासी शाळेत नेलं. तिथे आमची क्री भाषा बोललं की मार बसायचा. आज माझी नात तीच भाषा शिकवायची पदवी घेतेय. मी पुष्कळ शांत राहिले, बाई."

मी समोर पाहिलं. प्राचार्य पुढचं नाव थांबवून, आदराने मान झुकवून उभे होते. मी ओशाळले.

थोड्या वेळाने आमच्या मुलीचं नाव आलं. मी सावरून बसले, तशी बाईंनी कोपराने ढोसलं. "ही तुमची ना? मग बसलात काय?"

मी उठले आणि ओरडले, "शाब्बास, पोरी!" शेजारून डफ वाजला. सत्तर वर्षांत चारचौघांत मी पहिल्यांदाच ओरडले, आणि तेही मराठीत.