कडुनिंबापर्यंत

गुडघा दुखावला तो शर्यत संपल्यानंतर. प्रौढांच्या शंभर मीटर धावण्यात रेषा ओलांडूनही मी थांबलो नाही. शेजारच्या गड्याला आणखी मागे टाकण्याच्या हव्यासात पाय मऊ मातीत रुतला आणि गुडघा पिळवटला.

हिंगोलीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावले, "धावणं बंद. सायकल चालवा, गुडघ्याला हादरे नकोत." तरीही सूज जराशी उतरताच, पत्नीला न सांगता, मी मैदानावर धावून आलो. दुपारी जेवताना मांडी घालता येईना.

"पित्त झालंय, खुर्चीवरच बसतो," मी म्हणालो.

तिने ताट ठेवले. "पित्त गुडघ्यात उतरलं व्हय? काहून लपवून राहिलात?"

दुखापतीनंतर कित्येक दिवस मी तिच्या खांद्याच्या आधाराने न्हाणीघरापर्यंत गेलो होतो. तिच्या त्या श्रमांना मी किती स्वस्त समजलो, हे तो घास गिळताना उमगले.

मग सायकल आली. माझ्या सायकलच्या दांड्यावरून पाय जाईना, म्हणून सासरी गेलेल्या मुलीची, टोपली लावलेली जांभळी सायकल काढली. गुडघा फार दुमडू नये यासाठी सीट उंच केली. नरसीच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला, माझा जुना स्नेही, रोज हाक मारी, "काय सर, सायकल पोरीची, मग मिश्या कोणाच्या?"

"त्याही तिच्याच. वापरायला दिल्यात," मी म्हणे.

पहिल्यांदा निघालो तेव्हा रस्त्याकडेला हळद वाळत पडली होती. नव्या हळदीची पाने कमरेला लागू लागली, तेव्हा बाईंनी धावण्याची परवानगी दिली, तीही बेताच्या वेगाने आणि अर्ध्याच अंतराची.

पत्नी आपण होऊन मैदानावर आली आणि कडेला, अर्ध्या अंतरावरच्या कडुनिंबाखाली उभी राहिली. "हितपर्यंत या. हितून पुढं एक पाऊल न्हाई."

पहिली पावले भीतीचीच होती. नंतर कानांशी वारा वाजू लागला. कडुनिंब जवळ आला आणि पायांना पुढचे सारे मैदान हवेसे झाले. झाड यायच्या आधीच मी वेग उतरवत आणला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिलो.

"थांबता येतं की वो तुमाला," ती हसली. "दुखून राहिलं का?"

"नाही."

ती बघतच राहिली.

"थोडं दुखतंय," मी म्हणालो. "बाहेरच्या बाजूला."

तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "घरी गेल्यावर बर्फ लावू. कमी झालं, तर परवा येऊ."

'या' नव्हे, 'येऊ' म्हणाली ती. सायकल हातात धरून मी तिच्या चालीने घरी निघालो.