सिएनातली दुसरी किल्ली

माझा स्वभाव संशयी. मॉन्ट्रियलच्या जिममध्ये लॉकरचं कुलूप लावल्यावरही मी ते दोनदा ओढून बघतो. त्यामुळे कॉन्फरन्ससाठी सिएनाला जायचं ठरलं, तेव्हा ऑफिसातल्यांनी इटलीतल्या खिसेकापूंच्या गोष्टी सांगून माझी झोपच उडवली.

पासपोर्ट भारतीय. कॅनडात कायम राहण्याचा परवाना असलेलं पीआर कार्ड नसेल तर कॅनडाच्या विमानात कुणी चढू देणार नाही, म्हणून कार्ड जिवापाड जपायचं. मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरची खोली घेतली होती. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे, हे मला पहिल्याच दिवशी खटकलं. मी कार्डाची जागा रोज बदलू लागलो. कधी मोज्यात, कधी गादीखाली, कधी दाढीच्या सामानात. निघताना दाराच्या फटीत कागदाचा कपटा अडकवायचो. तो रोज जागच्या जागी असायचा, तरी समाधान नाही. सगळे तो प्रसिद्ध उतरता चौक बघत होते, मी बॅग पोटाशी धरून भिंतीला पाठ लावून उभा.

शेवटच्या दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, लाडू उरलेत ना? त्या बाईंना देऊन टाका. डबाही राहू दे, डॉलर स्टोअरचा तर आहे."

मी डबा खाली देऊन आलो. मग बॅग भरायला घेतली, तर कार्ड नाही.

मोजे उलटे केले, गादी उचलली, दाढीचं सामान पालथं केलं. तासाभरानं तरातरा खाली गेलो आणि मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणालो, "दुसरी किल्ली तुमच्याकडेच असते. कार्ड द्या, नाहीतर पोलिसांना बोलावतो."

बाईंना फ्रेंच चांगलं समजत होतं. त्या आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. घासूनपुसून लख्ख. आत बदामाची बिस्किटं, आणि वर माझं कार्ड. लाडवांखालच्या कागदाखाली सकाळी मीच ते दडवलं होतं.

"वरच येत होते," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचारदा माफी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी निघताना मी किल्ली परत दिली. इतक्या दिवसांत त्या माझ्या खोलीत एकदाही शिरल्या नव्हत्या. त्या सकाळी मात्र मला दारात उभं करून आत गेल्या. कपाट उघडलं. टॉवेल मोजले. उशीखालीही बघितलं.

मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता जा."