पंजाबमामाचं बीट

आमच्या पंजाबमामाला स्वस्थ बसता येत नाही, हे अख्ख्या खुर्सीपार वस्तीला ठाऊक आहे. दुर्गच्या लाइनीवर कीमॅन होता तो. खांद्यावर हातोडा टाकायचा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्यात का, हे बघत आपल्या बीटभर, म्हणजे नेमून दिलेल्या पट्ट्यात, चालायचं. बीटच्या टोकाला पलीकडच्या बीटचा कीमॅन समोरून यायचा. दोघं तंबाखू मळायचे आणि आपापल्या वाटेनं मागं वळायचे. सगळी नोकरी अशी गेली.

रिटायर झाल्यावर मामानं घरातल्या फरशा झिजवल्या. मग एका शुक्रवारी तो बसनं कवर्ध्याच्या पुढं चिल्फीकडच्या डोंगरांत गेला आणि ओढ्याच्या कडेनं चालत सुटला. तेव्हापासून दर आठवड्याला तेच. तीच दरी, तीच पायवाट, फक्त दर खेपेला एक गाव पुढं. तिकडं फोनला रेंज नाही. गेल्या महिन्यात तर रविवारी परतायचा माणूस मंगळवारी उगवला, पायांना फोड घेऊन.

मी चिडलो. "मामा, वय काय तुमचं? मागं फिरायचं कळत नाही का?"

"कुठून फिरू, सांग न!" तो माझ्यावरच उखडला. "टोकच येत नाही. समोरून कोणीच येत नाही, त पाय थांबतीन कसे?"

मला तो निव्वळ आचरटपणा वाटला. सिंधुमामी गॅसपाशी उभी राहून ऐकत होती. एक दिवस हा चालतच जाईल आणि आपल्याला कळणारही नाही, या भीतीनं तिच्या जिवाला घोर लागला होता. 

पुढच्या शुक्रवारी मामा गेला. शनिवारी उजाडायच्या आत मामी माझ्या दारात.

"बबलू, गाडी काढ. ते मागच्या खेपेले जिथवर गेले, त्याच्या पुढच्या गावी मले ने."

"मामी, तुमचा गुडघा..."

"गुडघा माहा आहे. काढ गाडी."

हथखोजच्या कारखान्यातली माझी ड्युटी बुडाली, खड्ड्यांनी कंबरडं मोडलं, पण डोंगराला वळसा घालून आम्ही मामाच्या आधी पोचलो. मामी पायवाटेच्या मधोमध उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना. मी दगडावर बसून चरफडत होतो.

दुपारी मामा दिसला. मान खाली, पावलं झपाझप. मामीच्या चपला दिसल्या तसा थबकला.  ज्या तंबाखूवरून जन्मभर भांडली, तीच तिनं तळहातावर चुना लावून मळली आणि हात पुढं केला.

"इथून पुढं माहं बीट."

मामानं चिमूट उचलली. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं मान हलवली, वळला आणि आल्या वाटेनं चालायला लागला. एकटाच. बायकोला तिथं जंगलात टाकून!

मी ओरडत मागं धावणार, तोच मामीनं माझा दंड धरला. "जाऊ दे रे. वळले न? आता घरी येतीन बरोबर."

रविवारी दिवेलागणीला तो घरी आला, जेवला आणि चक्क झोपला.

गुरुवारी पिशवी भरताना त्यानं हळूच विचारलं, "या शनिवारी कुठवर येशीन?"

मामी गुडघ्याला तेल चोळत होती.

"तेवढ्या दूर नाही जमत आता," ती म्हणाली. "एक गाव अलीकडं."